जहाजांच्या इंधनातलं सल्फर पण कमी करा

संपादक महोदय,
1 एप्रिल 2020 पासून देशभर बीएस-6 पेट्रोल-डिझेल आलं, सल्फर 50 पीपीएमवरून (म्हणजे दहा लाख भागांत 50 भाग) थेट 10 वर, आणि त्यासाठी रिफायनऱ्यांनी जास्त दाबाखाली हायड्रोजन वापरून सल्फर काढणारे प्लांट वाढवले, खरंच मोठं काम झालं हे. पण जहाजांच्या इंधनात अजून 0.5 टक्के म्हणजे 5000 पीपीएम सल्फर चालतं, गाडीच्या डिझेलच्या 500 पट! युरोपियन युनियनमध्ये बंदरात उभ्या जहाजांना 2010 पासून 0.1 टक्क्याचीच मर्यादा आहे, मग मुंबई आणि न्हावाशेवाला तोच नियम लावायला काय हरकत आहे? धूर शेवटी बंदराजवळ राहणाऱ्यांच्याच छातीत जातो ना. सरकारने यात लवकर लक्ष घालावं ही कळकळीची विनंती.
- एक वाचक, उरण