आधी वीज आणि माणसं, मग बायोप्रिंटर : वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य
यांस सादर प्रणाम.

पेशींचे थर छापून ऊती बनवणारं यंत्र म्हणजे बायोप्रिंटर. तो घेण्याआधी, प्रयोगशाळेत कूर्चा वाढवायला अखंड वीज आणि माणसं लागतात, हे सांगण्यासाठी हे पत्र.

त्वचेच्या कर्करोगात नाकपुडी काढावी लागली, की ती पुन्हा उभी करायला कूर्चा, म्हणजे नाक-कानातलं मऊ हाड, लागते. ती कानातून किंवा बरगडीतून घेतात. बरगडीच्या वेळी फुफ्फुसाचं आवरण फाटण्याचा धोका असतो, आणि कोरलेला तुकडा पुढे वाकतो तो वेगळाच.

स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या डॉक्टरांनी २०१४ मध्ये पाच रुग्णांवर दुसरा मार्ग दाखवला. नाकाच्या पडद्यातून ६ मिमीचा तुकडा घ्यायचा, कोलॅजिनेज या विकराने पेशी सुट्या करायच्या, दोन आठवडे वाढवायच्या आणि कोलॅजन या प्रथिनाच्या पडद्यावर आणखी दोन आठवडे ठेवायच्या. हाती येतं २५ × २५ × २ मिमीचं कलम, म्हणजे रोपण करायचा तुकडा. जाडी वाढवायचा मोह होतो, पण कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. पोषण झिरपूनच पोचतं, म्हणून जाड कलम मध्यभागी मरतं. पेशी बाटलीत फार दिवस वाढवल्या तर त्या दुसऱ्या प्रकारचं कोलॅजन सोडून पहिल्या प्रकारचं बनवू लागतात, म्हणजे कूर्चेऐवजी व्रणासारखी ऊती.

हे घाटीत, म्हणजे छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालयात, होऊ शकतं. नांदेड-लातूरचा नमुना २ ते ८ अंशांच्या पेटीतून त्याच दिवशी पोचतो. फक्त मे महिन्यात कुणी काळजीपोटी कुपी थेट बर्फाला टेकवली, की पेशी गोठून मेल्या!

खरी अडचण विजेची. पेशी वाढवायची उबदार पेटी, म्हणजे इन्क्युबेटर, वीज गेली तरी ३७ अंश काही वेळ धरून ठेवतो. पण हवा शुद्ध करणारा पंखा थांबला, की स्वच्छ खोलीतला जास्तीचा दाब लगेच उतरतो आणि बाहेरची धूळ फटींतून आत येते. जनरेटर सुरू होईपर्यंतचे काही सेकंदही महागात पडतात. म्हणून यूपीएस त्या पंख्यालाही हवा, नुसता इन्क्युबेटरला नको. नेहमीचे जिवाणू शिरले तर पेशींचं पोषक द्रव गढूळ होतं, निदान कळतं. मायकोप्लाझ्मा हा अतिसूक्ष्म जिवाणू मात्र ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतूनही निसटतो आणि डोळ्यांना दिसत नाही. त्याला पीसीआरसारखी, म्हणजे जंतूचा डीएनए शोधणारी, चाचणी लागते. निर्जंतुकतेच्या नेहमीच्या चाचणीला १४ दिवस लागतात, तेवढं तयार कलम थांबत नाही, तेव्हा प्रत्येक टप्प्यावर नमुने घ्यावे लागतात.

द्रव नायट्रोजनची चिंता नको. पशुसंवर्धन खातं गोठवलेल्या रेतमात्रांसाठी तो जिल्ह्याजिल्ह्यात पोचवतंच.

आमची मागणी एवढीच : बायोप्रिंटरची खरेदी तूर्त बाजूला ठेवा. स्वच्छ खोलीच्या पंख्याला यूपीएस, दोन कायम तंत्रज्ञ, एक गुणवत्ता अधिकारी आणि रसायनांसाठी दरवर्षी वेगळी तरतूद द्या. केंद्रीय औषध नियंत्रकांच्या परवानगीचा अर्ज त्यानंतर करू. आणि संपूर्ण कान तयार करून देण्याची घोषणा कृपया कुठल्याही व्यासपीठावरून करू नका; त्यासाठी आजही बरगडीच भरवशाची आहे.

आपले विश्वासू,
मराठवाड्यातील पुनर्रचना शल्यचिकित्सक व पेशीसंवर्धन तंत्रज्ञ