आई, तुझी कंबर मोडलेली नाहीये

प्रिय आई आणि बाबा,

फोनवर आईच्या कंबरदुखीचा विषय काढला की आई लगेच "बरं ते राहू दे, तू जेवलीस का" करते, म्हणून सरळ लिहूनच पाठवतेय. दोघांनी वाचा.

आई, पहिलं म्हणजे तुझं दुखणं खरं आहे. "मनाचे खेळ आहेत" असं जे कोणी म्हणालं ते डोक्यातून काढून टाक. भजनाला तू सगळा वेळ मांडी घालून बसलीस आणि घरी आल्यावर कंबर धरलीस, म्हणून लोकांना ते नाटक वाटलं, पण दुखणं चालतंच असं गं. कंबरेकडून मेंदूला जाते ती नुसती खबर, दुखायचं की नाही आणि किती, हे मेंदू ठरवतो, आणि ठरवताना झोप झालीय का, कसली काळजी आहे का, लक्ष कुठे आहे हे सगळं धरतो. मेंदू वरून हे सिग्नल पाठीच्या कण्यातच अडवू शकतो, हे मेल्झॅक आणि वॉल या दोन संशोधकांनी 1965 सालीच मांडलंय. भजनात तुझं तेच होत असणार.

इंग्लंडमधली एक केस आहे, 1995 ची, डॉक्टरांच्या मासिकात छापून आलेली. बांधकामावरच्या एका 29 वर्षांच्या माणसाने उडी मारली ती थेट खिळ्यावर, 15 सेंटीमीटरचा खिळा बुटातून आरपार. एवढं दुखत होतं की खिळा जरा हलला तरी सहन होईना, गुंगीचं औषध द्यावं लागलं. बूट काढला तर खिळा दोन बोटांच्या मधून गेलेला, पायाला साधं खरचटलंही नव्हतं! तो माणूस खोटं बोलत नव्हता, मेंदूला धोका दिसला आणि त्याने खरोखरचं दुखणं तयार केलं.

आता तुझा एमआरआय. डॉक्टरांनी फिल्म लाईटवर लावून "मणके झिजलेत, चकती बाहेर आलीय, आता जपा" म्हटलं तेव्हापासून तू घाबरलीस ती घाबरलीसच. मला फार राग येतो त्याचा, कारण पुढचं कोणी सांगितलंच नाही. ज्यांची पाठ अजिबात दुखत नाही अशा तीन हजारांवर लोकांचे स्कॅन 2015 मध्ये एकत्र करून बघितले, तर साठीच्या लोकांमध्ये 100 पैकी 88 जणांच्या मणक्यांमधल्या चकत्या झिजलेल्या आणि 69 जणांच्या फुगलेल्या निघाल्या. म्हणजे केस पिकतात तसंच हे.

मग दुखतं का? सुरुवातीला खरंच लचक भरली होती, ती केव्हाच भरून आली असणार, पण दुखणं तीन महिन्यांच्या वर राहिलं की नसा आणि मेंदू जास्तच हळवे होतात. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं तसं, साधं पातेलं उचललं तरी मेंदू धोका समजतो.

आणि बाबा, इथे तुमचं काम आहे. तुम्ही प्रेमाने म्हणता हो, पण दिवसभर "वाकू नकोस, खाली बसू नकोस, पट्टा लावलास का" कानावर पडलं की तिच्या मेंदूला तेच पटतं, की कंबर नाजूक आहे. त्याऐवजी संध्याकाळी तिच्याबरोबर चालायला जा ना.

हे उलटंही फिरवता येतं. अमेरिकेत कोलोरॅडोला जुन्या पाठदुखीच्या 151 लोकांवर अभ्यास झाला, 2021 मध्ये आला. काहींना चार आठवडे हेच शिकवलं की दुखणं म्हणजे इजा नाही, न घाबरता हालचाल करा. त्यातल्या 66 टक्के लोकांचं दुखणं गेलं किंवा जवळजवळ गेलं, नेहमीचेच उपचार चालू ठेवले त्यांच्यात 10 टक्के. सगळ्यांना एवढा फरक पडेलच असं नाही, आणि त्या लोकांचं दुखणं फार तीव्रही नव्हतं, पण आई, तुला प्रयत्न करायला काय हरकत आहे?

फक्त पायातली ताकद कमी झाली, लघवी-संडासवरचा ताबा गेला, बसायच्या जागी बधिर वाटलं, ताप आला किंवा उगाच वजन उतरलं तर हे पत्र बाजूला ठेवून लगेच डॉक्टर गाठायचा, वाट बघत बसायचं नाही.

पट्टा एकदम सोडू नकोस, थोडा थोडा वेळ काढत जा. खाली बसून भाजी निवडायची ना तुला, मग पाच मिनिटं बस, दुखलं तर घाबरू नकोस, ऊठ, उद्या परत बस. गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत. मी इथल्या एका फिजिओशी बोललेय, त्या हळूहळू व्यायाम वाढवत नेतात. पुढच्या आठवड्यात या दोघं, येताना एमआरआयची फाइल आणि गोळ्यांची चिठ्ठी आठवणीने आणा.

तुमची,
ताई