रेड रिव्हरचा तराफा

संपादक साहेब, स.न.वि.वि.

डॅलसहून ओक्लाहोमाकडे जाताना डेनिसनच्या पुढे रेड रिव्हरचा पूल लागतो, आपली मराठी मंडळी गाडी न थांबवता सुसाट निघून जातात, पण इथेच जवळ कोलबर्टची फेरी (म्हणजे तराफ्यावरून नदी पार करायची जागा) होती हे बऱ्याच जणांना माहीतच नाही. 1858 ते 1861 बटरफिल्ड ओव्हरलँड मेल या टपाल कंपनीच्या घोडागाड्या इथून नदी ओलांडायच्या. सेंट लुईसहून सॅन फ्रान्सिस्कोला आठवड्यातून दोनदा टपाल, साधारण 2800 मैल, मुदत 25 दिवस आणि सरकारचं कंत्राट वर्षाला 6 लाख डॉलरचं!

फेरीचा मालक बेंजामिन फ्रँकलिन कोलबर्ट हा चिकसॉ या अमेरिकेतल्या मूळनिवासी जमातीचा होता, मोठा हुशार माणूस. रस्ता आपल्याकडून न्यावा म्हणून त्याने टपालगाड्या फुकट पार करून द्यायचं कबूल केलं, धंदा काय तो बाकीच्या प्रवाशांवर. पण घोडे आणि गाडी चढवलेला तो तराफा लांब बांबूसारख्या काठ्यांनी रेटत पलीकडे न्यायचे ते त्याचे गुलाम, आणि मला तरी वाटतं की या जागेची गोष्ट सांगताना आधी त्यांच्याबद्दल बोललं पाहिजे, कंपनीचं कौतुक नंतर. त्यांची नावंसुद्धा कुणी सांगत नाही याचं फार वाईट वाटतं.

पुढे 1875 ला कोलबर्टने टोलचा पूल बांधला, तो वर्षभरात पुरात वाहून गेला, आणि परत फेरीच सुरू झाली. मुलांना घेऊन त्या बाजूला जाल तेव्हा हे जरूर सांगा.

– एक वाचक, डॅलस