थम लागला नाही, पण पाच तारे पडले

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गंगाखेड तालुक्यातल्या एका गावात मी नऊ वर्षांपासून ऑनलाइन सेवा केंद्र चालवतो. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविम्याचा अर्ज, वेगवेगळ्या योजनांची केवायसी, अशी कामं दिवसभर सुरू असतात. या नऊ वर्षांत लोकांच्या नावानं हजारो वेळा मी एक खोटी नोंद केली आहे. ती कशी झाली आणि ती का थांबायला हवी, हे सांगण्यासाठी हे पत्र.

गेल्या पंधरवड्यात सत्तरीच्या एक आजी एका योजनेची केवायसी करायला आल्या. सोबत सातवीतला नातू. यंत्रावर अंगठा ठेवला, लाल दिवा लागला. पदराला पुसून पुन्हा ठेवला, पुन्हा लाल. तिसऱ्यांदा त्यांनी अंगठा केसांतून फिरवला. तेलाच्या हातानं थम, म्हणजे अंगठ्याचा ठसा, लागतो, असं आमच्याकडच्या बायांचं म्हणणं आहे आणि कधी कधी तो खरंच लागतो. या वेळी लागला नाही. तीस-पस्तीस हंगाम ऊस तोडलेला, कापूस वेचलेला, राखेनं भांडी घासलेला अंगठा तो. त्यावर रेघा उरतील कुठून?

मग चेहऱ्याचा पर्याय निवडला. मी मोबाईल समोर धरताच आजींनी पदर कपाळावर ओढून घेतला, परकं माणूस दारात आलं की ओढतात तसा. पडद्यावर सूचना आली, डोळे मिचकवा. मी मोठ्यानं वाचून दाखवली. आजींनी डोळे गच्च मिटले आणि मिटूनच बसल्या. वेळ संपली. पाचव्यांदा तेच झालं तेव्हा त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "माझं बोटच खराब हाय बाबा. तोंड बी ओळखंना. तुहा टाइम चाललाय, दुसऱ्याचं कर."

सहाव्यांदा चेहरा जुळला. पावती निघाली आणि पडद्यावर पाच रिकामे तारे उगवले. आपला अनुभव कसा होता? तारे भरल्याशिवाय पुढचा अर्ज उघडत नाही. मागं रांग होती, आजी पिशवी सावरत उठत होत्या. मी पाचही तारे दाबले. त्या दिवशी कुठल्या तरी कार्यालयातल्या आलेखात एक समाधानी लाभार्थी वाढला असेल.

यंत्र वापरताना माणसाला काय वाटतं, हे मोजण्याचं एक शास्त्र आहे, हे मला अलीकडंपर्यंत ठाऊक नव्हतं. पुतणी छत्रपती संभाजीनगरला संगणक अभियांत्रिकी शिकते. दिवाळीच्या सुट्टीत दोन दिवस ती केंद्रात बसली, तिच्यामुळं कळलं. १९८६ मध्ये जॉन ब्रुक यांनी दहा विधानांची एक छोटी प्रश्नावली केली, ती आजही जगभर वापरतात. त्यात एक विधान असं आहे की, हे वापरायला मला जाणकार माणसाची मदत लागेल. माझ्या रांगेतल्या बहुतेकांचं उत्तर आम्ही न विचारताच देऊ शकतो, कारण तो जाणकार माणूस म्हणून मीच त्यांच्यासमोर बसलेलो असतो.

तिनं दाखवलेली दुसरी पद्धत मला जास्त भिडली. मानसशास्त्रज्ञ पीटर लँग यांनी आधी तयार केलेली आणि मार्गारेट ब्रॅडली यांच्यासोबत १९९४ च्या लेखात मांडलेली ही चित्रांची पट्टी. वाचता यायची गरज नाही. माणसासारख्या छोट्या आकृत्यांच्या तीन ओळी. पहिल्या ओळीत हसऱ्यापासून रडव्यापर्यंतचे चेहरे. दुसरीत जिवाची तगमग किती आहे ते, म्हणजे झोपाळलेल्या आकृतीपासून पोटात खळबळ उडालेल्या आकृतीपर्यंत. तिसऱ्या ओळीत चेहरा तोच, फक्त आकृती बारीक होत जाते किंवा थोराड होत जाते. समोर जे चाललं आहे त्यावर आपला ताबा किती वाटतो, हे त्या ओळीवर बोट ठेवून सांगायचं.

पुतणीनं ती पट्टी पुठ्ठ्यावर काढली. काम उरकून निघालेल्या काही जणांना ती ओट्यावर, माझ्यापासून लांब नेऊन विचारायची. ज्यांना मी समोरून विचारलं की "बरंय की" किंवा "चांगलंच हाय सर" एवढंच ऐकलं असतं, ती माणसं पुठ्ठ्याजवळ थबकायची. पहिल्या ओळीत बोट बहुतेक मधल्या नाहीतर हसऱ्या चेहऱ्यावर. काम झालं होतं ना! तिसऱ्या ओळीवर आलं की बोट सरकत सरकत बारक्या आकृतीकडं जायचं. एका बाईनं सगळ्यात लहान आकृतीवर बोट ठेवलं आणि ते बराच वेळ उचललंच नाही. माझ्या पाच ताऱ्यांत ही तिसरी ओळ कुठंच नाही.

आपल्याकडचा माणूस यंत्राला दोष देत नाही, हे शहरात बसून पडदे बनवणाऱ्यांनी समजून घ्यायला हवं. यंत्र चाललं नाही की तो स्वतःला बोल लावतो. बोट खराब, नजर अधू, आपण अडाणी. शेतात मोटार बंद पडली तर हाच माणूस तिला चार शिव्या देतो, खोलून बघतो, दुरुस्त करून आणतो, कारण मोटार त्याची असते. केंद्रातलं यंत्र त्याचं नाही. ते सरकारचं आहे आणि त्यानं ओळखलं नाही तर आपलंच काहीतरी चुकलं असणार, असं तो धरून चालतो. माझ्या मते ही साधी तक्रार नव्हे, ही शरम आहे. शरम वाटलेला माणूस अभिप्राय देत नाही. तो मान खाली घालून घरी जातो.

आणखी एक गोष्ट सांगतो. तारे दिसतात कोणाला? ज्याचं काम झालं त्यालाच. तीन चकरा मारून, मजुरी बुडवून, शेवटी "राहू द्या" म्हणून जो परत गेला, त्याला पडदा काहीच विचारत नाही. आणि ज्याचं झालं त्यालाही अगदी शेवटी, पावती हातात पडल्यावर विचारतात. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९९३ चा एक प्रयोग पुतणीनं समजावला. लोकांना एकदा १४ अंश गार पाण्यात ६० सेकंद हात धरायला लावला. दुसऱ्यांदा तेच ६० सेकंद आणि वर आणखी ३० सेकंद, पण त्या शेवटच्या वेळात पाणी हळूहळू १५ अंशांवर आणलं. पुन्हा कोणता प्रकार करायला आवडेल असं विचारल्यावर बहुतेकांनी जास्त वेळाचा निवडला. शेवट थोडा सुसह्य झाला की आधीचा त्रास आठवणीत बोथट होतो. पावती मिळाल्यावर विचारलेला प्रश्न असाच फसवा असतो. त्या आजींना पाचव्या प्रयत्नाला विचारायला हवं होतं.

हल्ली कॅमेऱ्यानं चेहरा बघून भावना ओळखायची भाषा ऐकू येते. ते आमच्याकडं आणू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. चेहऱ्याच्या हालचालींवरून भावना खात्रीनं सांगता येत नाही, असं लिसा फेल्डमन बॅरेट आणि इतर शास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये आधीची संशोधनं तपासून मांडलं. मायक्रोसॉफ्टनं २०२२ मध्ये आपल्या चेहरा ओळखण्याच्या सेवेतून भावना ओळखण्याची सोय काढून घ्यायचं जाहीर केलं. त्या शास्त्रज्ञांचं म्हणणं मी रोज समोर बघतो. थम लागला नाही की आमच्या बाया पदराआड हसतात. ते ओशाळं हसू आहे. कॅमेरा त्याला आनंद म्हणून लिहून घेईल.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ मध्ये आला. कोणती सेवा किती दिवसांत मिळायला हवी, हे त्यामुळं ठरलं आणि त्याचा लोकांना फायदाही झाला. दिवस मोजले जातात. अंगठा किती वेळा पदराला पुसला गेला, हे मोजण्याची कुठंच तरतूद नाही.

हे मोजणारी माणसं आपल्याच भागात आहेत. परभणीला कृषी विद्यापीठ आहे, नांदेडला आणि संभाजीनगरला विद्यापीठं आहेत. तिथल्या मानसशास्त्राच्या आणि संगणकाच्या मुलांनी एकत्र येऊन केंद्रात नुसतं दिवसभर बसावं. माणूस कितव्या प्रयत्नाला सोबत्याकडं बघतो, कोण पडद्याला हात लावायला घाबरतं, कोण काम न होता उठून जातं, हे टिपून घ्यावं. प्रश्न आमच्या बोलीत विचारावेत आणि केंद्रचालकाच्या नजरेआड विचारावेत, कारण उद्या पुन्हा माझ्याकडंच यायचं आहे हे माणसाच्या डोक्यात असतं. शासनाला माझी एवढीच मागणी आहे की ताऱ्यांचा पडदा सक्तीचा ठेवू नये आणि काम न होता परतलेल्याची नोंद ठेवावी.

मी माझ्यापुरतं ठरवलं आहे की यापुढं लोकांच्या नावानं तारे दाबायचे नाहीत. जिथं दाबल्याशिवाय अर्ज पुढं जात नाही, तिथं समोरच्याला वाचून दाखवतो आणि तो सांगेल तेवढेच दाबतो. रांग लांबते. परवा एका आजोबांनी विचारलं, "कमी दिले तर पैसे अडकतील का रे?" नाही अडकणार, हे त्यांना पटवून द्यायला मला दहा मिनिटं लागली. तरी ते म्हणाले, "तू दाब पाचच."

पुतणीचा पुठ्ठा मी केंद्रात जपून ठेवला आहे. कोणाला येऊन बसायचं असेल तर बाजाराच्या दिवशी सकाळी नऊच्या आत यावं, नंतर ओट्यावर पाय ठेवायला जागा नसते.

आपला,
एक सेवा केंद्रचालक
ता. गंगाखेड, जि. परभणी
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)