कर्नेल अडला म्हणून डिस्क पुसू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुंबईतल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा कर्नेल, म्हणजे तिचा गाभा, स्वतः कंपाइल करून (सोर्स कोडपासून तयार करून) पाहणारे विद्यार्थी दरवर्षी असतात. नवा कर्नेल सुरू झाला नाही की त्यांना हमखास एकच सल्ला मिळतो : डिस्क फॉरमॅट करा आणि उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) पुन्हा टाका. या सल्ल्याला आमचा ठाम विरोध आहे. त्यात विद्यार्थ्याचे काम तर जातेच, शिवाय बिघाड का झाला हे कळण्याची संधीही पुसली जाते.

जुना कर्नेल त्याच डिस्कवर शाबूत असतो. संगणक चालू करणारे फर्मवेअर जुने बायोस असेल तर चालू होताना शिफ्ट दाबून धरावी, नवे यूईएफआय असेल तर एस्केप दाबावी. ग्रबचा, म्हणजे कोणता कर्नेल सुरू करायचा हे विचारणाऱ्या प्रोग्रामचा, मेनू येतो. त्यातल्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून जुना कर्नेल निवडला की यंत्र पूर्ववत चालते. प्रयोगशाळेतल्या संगणकांवर हा मेनू 10 सेकंद दिसेल अशी सोय कायमचीच करून ठेवावी.

मग नवा कर्नेल पुन्हा चालवावा, पण त्याला बोलते करून. मेनूत ‘ई’ दाबून ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीतले ‘क्वाएट’ आणि ‘स्प्लॅश’ हे शब्द काढावेत आणि एफ10 दाबावे. ओळी धावत जाऊन जिथे थांबतील तिथला मोबाइलने फोटो घ्यावा. हा फोटो महत्त्वाचा आहे, कारण मूळ डिस्क जोडलीच गेली नसेल तर लॉग (घडामोडींची नोंद) कुठेच लिहिला जात नाही. नंतर लॉग दाखवणाऱ्या ‘जर्नलसीटीएल’मध्ये शोधून काही सापडणार नाही.

सर्वाधिक दिसणारा संदेश ‘व्हीएफएस : अनेबल टू माउंट रूट एफएस’ हा, म्हणजे मूळ फाइल सिस्टिम जोडता आली नाही. त्यापुढे दोन आकडे असतात, ते नीट वाचावेत. 0,0 असेल तर कर्नेलला डिस्क दिसलीच नाही. 8 ने सुरुवात असेल तर साटा डिस्क दिसली, पण तिच्यावरची फाइल सिस्टिम, बहुधा एक्स्ट4, वाचणारा ड्रायव्हर नाही. उबुंटूवर मात्र या पॅनिकच्या (कर्नेल हात टेकून थांबण्याच्या) मुळाशी बहुतेक वेळा इनिटरॅमएफएस असते. खरी डिस्क हाती येण्याआधी लागणारे ड्रायव्हर या फाइलमध्ये बांधून दिलेले असतात. कुणी बीझेडइमेज (तयार झालेल्या कर्नेलची फाइल) हाताने बूट फोल्डरमध्ये कॉपी केली, तर ही फाइल तयारच होत नाही. फाइल झेडएसटीडी या पद्धतीने आवळलेली असेल आणि नव्या कर्नेलमध्ये ती उलगडण्याचा पर्याय बंद असेल, तरी परिणाम तोच. जुन्या कर्नेलवर येऊन, नव्याची आवृत्ती देऊन ‘अपडेट-इनिटरॅमएफएस’ आणि त्यानंतर ‘अपडेट-ग्रब’ चालवावे.

पॅनिक न येता बिझीबॉक्स या छोट्या आदेश-संचाचा प्रॉम्प्ट आला, तर इनिटरॅमएफएस उघडली आहे, पण तिच्यात हवा तो ड्रायव्हर नाही. इथे क्रम तपासावा : आधी ‘मेक मॉड्यूल्स इन्स्टॉल’ (ड्रायव्हरसारखे सुटे भाग, म्हणजे मॉड्यूल्स, टाकणे), नंतरच ‘मेक इन्स्टॉल’ (कर्नेल टाकणे). दुसरे कारण ‘मेक लोकलमॉडकॉन्फिग’. हा आदेश कॉन्फिगमध्ये, म्हणजे कर्नेलमध्ये काय घ्यायचे याच्या यादीत, त्या क्षणी लोड असलेलीच मॉड्यूल्स ठेवतो. साटा डिस्कच्या लॅब संगणकावर बनवलेली कॉन्फिग एनव्हीएमई डिस्कच्या लॅपटॉपवर किंवा व्हर्टआयओ वापरणाऱ्या व्हर्च्युअल मशीनवर चालेलच असे नाही. पेनड्राइव्ह त्या वेळी लावलेला नसेल तर त्याचा ड्रायव्हरही गळतो. आमच्या मते नवशिक्यांनी या आदेशाच्या वाटेला जाऊच नये. चालू कर्नेलची कॉन्फिग घेऊन ‘मेक ओल्डडेफकॉन्फिग’ करावे, ‘एलएसपीसीआय -के’ने डिस्क कंट्रोलरचा ड्रायव्हर पाहावा आणि तो एक्स्ट4सह ‘एम’ऐवजी (सुटे मॉड्यूल) ‘वाय’ (कर्नेलमध्येच) ठेवावा. कंपाइलला वेळ जास्त लागतो, तो लागू द्यावा.

जागेकडे कुणी लक्ष देत नाही. डीबग माहितीसकट मॉड्यूल्स टाकली की इनिटरॅमएफएस शेकडो एमबी फुगते, बूटचे वेगळे पार्टिशन भरते आणि फाइल अर्धवट राहते. मॉड्यूल्स टाकताना ‘इन्स्टॉल मॉड स्ट्रिप’ची किंमत 1 दिली की ही माहिती छाटली जाते.

‘बॅड शिम सिग्नेचर’ (सही अमान्य) हा संदेश आला तर कॉन्फिग उलटसुलट करण्यात अर्थ नाही. तो कर्नेल सुरूच झालेला नसतो. मान्य सही नसलेला कर्नेल चालू न देणाऱ्या सिक्युअर बूटने त्याला दारातच अडवलेले असते. कर्नेलवर स्वतःच्या किल्लीने सही करून ती किल्ली यंत्रात नोंदवावी, नाहीतर सिक्युअर बूट बंद करावे. त्याच लॅपटॉपवर विंडोज असेल तर बिटलॉकर या डिस्क-कुलपाची रिकव्हरी की आधी लिहून ठेवावी, कारण या बदलानंतर विंडोज ती मागू शकते.

पडदा नुसता काळा राहिला, पण दुसऱ्या संगणकावरून पिंगला उत्तर मिळते आहे, तर कर्नेल चालू आहे आणि ग्राफिक्स अडले आहे. ‘लिनक्स’च्या ओळीत ‘नोमोडसेट’ जोडून पाहावे.

प्रात्यक्षिकाचे गुण आज यशस्वी बूटच्या स्क्रीनशॉटला मिळतात. परीक्षकांनी त्याऐवजी प्रात्यक्षिकाच्या वहीत (जर्नलमध्ये) तीन गोष्टी मागाव्यात : अडलेल्या शेवटच्या ओळींचा फोटो, ‘एलएसपीसीआय -के’चे उत्तर आणि जुन्या-नव्या कॉन्फिगमधला फरक. हा फरक काढून देणारी ‘डिफकॉन्फिग’ ही स्क्रिप्ट कर्नेलच्या सोर्समध्येच असते.

– संगणक प्रयोगशाळांतील काही प्रशिक्षक, मुंबई