ई-बसच्या छतावरची घरघर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुण्यात २०१९ पासून वातानुकूलित ई-बस धावू लागल्या आणि डिझेल इंजिनाची धडधड गेली. मात्र तिच्याआड दबून राहणारा एसीचा आवाज त्यामुळे उघडा पडला. सिग्नलला बस उभी राहिली की मोटार गप्प होते, पण छतावरचा कॉम्प्रेसर आणि पंखे चालूच राहतात. त्यातली खर्जातली घरघर मुख्यतः छताच्या सांगाड्यातून खाली उतरते, कारण रुंद, पातळ छत ढोलाच्या पानासारखे थरथरते.

कॉम्प्रेसरखाली थरथर अडवणारे रबरी आधार, म्हणजे बुश असतात, परंतु त्यांना मर्यादा आहे. बुशांवर बसवलेल्या यंत्राची जी स्वतःची नैसर्गिक कंपनसंख्या असते (धक्का दिल्यावर ते सेकंदाला जितक्या वेळा आपसूक हलते ती), तिच्या सुमारे १.४ पटींहून जलद कंपनेच ते रोखू शकतात. तिच्या जवळपासची कंपने उलट वाढतात. विजेवरचा कॉम्प्रेसर तर उकाड्यानुसार वेग बदलत राहतो, म्हणून त्याची कंपनसंख्याही बदलत राहते. मिनिटाला १,५०० फेरे म्हणजे सेकंदाला २५, आणि ६,००० म्हणजे १००. बुश मऊ घ्यावेत तर खड्ड्यांत यंत्र हिंदकळून गॅसच्या नळ्यांवर ताण येतो, कडक घ्यावेत तर थरथर थेट छतात जाते.

ही कोंडी सक्रिय माउंट, म्हणजे कंपनाला विजेच्या जोरावर उलट धक्का देणारा आधार, फोडू शकतो. त्यातील सेन्सर कंपन टिपतो, नियंत्रक कॉम्प्रेसरच्या वेगावरून हिशेब करतो आणि विद्युतचुंबकीय कॉइल तितक्याच जोराचा, पण उलट दिशेचा धक्का देते. कल्पना नवी नाही. होंडाने २००३ च्या इन्स्पायर मोटारीत सहापैकी तीन सिलिंडर बंद असताना जाणवणारी थरथर अशाच माउंटने आवरली होती. बसच्या एसीला तो लावायचा तर खर्च वाढेल, हे मान्य. शिवाय कंपने नळ्यांमधूनही वाहत असल्याने त्यांचे जोड लवचिक नसतील तर माउंटवरचा पैसा वाया जाईल. (बुश तडकलेलाच असेल तर आधी तो बदलावा, त्यासाठी संगणक लागत नाही.)

म्हणून सरसकट सक्ती नको. बसखरेदीच्या निविदेत, बस उभी आणि एसी पूर्ण क्षमतेने चालू असताना प्रवाशांच्या व चालकाच्या आसनापाशी मिळणाऱ्या आवाजाची आणि कंपनाची कमाल मर्यादा घालावी. ती साध्या बुशाने गाठायची की सक्रिय माउंटने, हे उत्पादकाने ठरवावे. मात्र ही चाचणी मे महिन्यातल्या दुपारी घ्यावी, कॉम्प्रेसर जेमतेम फिरतो अशा जानेवारीतल्या सकाळी नव्हे.

आपला,
एक निवृत्त यंत्र अभियंता, चिंचवड