स्थळाकडून नकार आल्यावर

मा. संपादक,

तुळशीची लग्नं लागली की स्थळं बघण्याची धांदल सुरू होते आणि आपल्या रविवारच्या वधू-वर स्तंभातल्या जाहिराती दुप्पट होतात. पसंती कशी मिळवावी हे सांगणारे पुष्कळ आहेत. नकार कसा घ्यावा यावर मात्र कोणी बोलत नाही. वधू-वर सूचक केंद्रात बसणाऱ्या आम्हा मंडळींना सल्ला विचारणारे फोन येतात ते बहुतेक नकारानंतरच.

आधी गणित. पत्रिका पाहणाऱ्या घरांत एकनाडी टाळतात, म्हणजे जन्मनक्षत्रावरून ठरणारी नाडी दोघांची एकच असली तर स्थळ सोडतात. नक्षत्रं २७, नाड्या तीन, म्हणजे प्रत्येक नाडीत नऊ नक्षत्रं. कोणत्याही दोन पत्रिका समोर ठेवल्या तर ढोबळमानाने तीनपैकी एका वेळी नाडी एकच निघणार. मंगळाचंही तसंच. तो १, ४, ७, ८ किंवा १२ व्या स्थानी असला की पत्रिका मंगळाची. बारांपैकी पाच स्थानं गेली! एकाची मंगळाची आणि दुसऱ्याची बिनमंगळाची असली की जमत नाही म्हणतात, आणि असं जवळजवळ निम्म्या वेळा होतं. या दोन्ही चाळण्या कडकपणे लावल्या आणि अपवाद धरले नाहीत, तर तीनपैकी दोन स्थळं कोणी कोणाला पाहण्याआधीच गळतात. गोत्र, पोटजात, गाव, शिक्षण हे सगळं त्यानंतर. पत्रिका मानावी की नाही हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न, पण मानत असाल तर एवढे नकार येणारच हे पहिल्या दिवशीच घरात सांगून ठेवा. त्यातले बरेचसे नकार मुला-मुलीला नसतातच, जन्मवेळेला असतात.

म्हणून पत्रिका दोन्हीकडून भेटीच्या आधी पाहून घ्यावी. हे केलं नाही तर पोहे खाऊन झाल्यावर ‘पत्रिका जमत नाही’ असा निरोप येतो. तो खरा की सबब, यावर मग घरात महिनाभर खल चालतो.

नकारापेक्षा जास्त त्रास उत्तराची वाट पाहण्याने होतो. ‘घरी विचार करून कळवतो’ म्हणून गेलेली मंडळी तीन आठवडे गप्प बसतात. इकडे मुलगी फोन उलटा ठेवते, पुन्हा सरळ करते. यावर उपाय एकच. निघताना दारातच ठरवा की उत्तर आठ दिवसांत द्यायचं आणि कोणी कोणाला फोन करायचा. नववा दिवस उजाडला की एकदाच विचारा. तेव्हाही ‘बघतो’ आलं तर ते स्थळ वहीतून खोडा. उद्या त्यांचा होकार आलाच, तर नव्याने विचार करता येतो.

नकार कळवणाऱ्याने दोन वाक्यांत आटोपावं: ‘आम्ही विचार केला, पुढे जायचं नाही असं ठरलं आहे. तुमच्याकडच्या कार्याला शुभेच्छा.’ रंग, उंची, पगार काढू नये. ‘तुमची मुलगी लाखात एक आहे हो’ हेही नको, कारण पुढचा ‘पण’ सगळ्यांना आधीच ऐकू येतो. फोन जमत नसेल तर मेसेज चालतो. गप्प बसणं चालत नाही.

घेणाऱ्याने ‘कळवलंत, आभारी आहोत’ म्हणून फोन ठेवावा. कारण विचारू नये. मिळणारं कारण बहुधा सभ्यतेने घडवलेलं असतं, आणि नात्यातल्या कोणाकडून ‘खरं’ कारण काढायला गेलात तर हाती फक्त गावगप्पा लागतात. अपवाद एवढाच: ‘परदेशी जायचं नाही’, ‘एकत्र कुटुंब नको’ असं काही तीन ठिकाणांहून स्वतःहून सांगितलं गेलं, तर ती माहिती बायोडेटात वर आणा. पुढचे नकार भेटीआधीच मिळतील आणि कमी लागतील.

आई-वडील हमखास चुकतात ते इथे. मुलीला वाईट वाटेल म्हणून नकार दडवतात, आणि तिला तो आठवड्याने आत्येबहिणीकडून कळतो. त्याच दिवशी, आधी तिला किंवा त्याला एकट्याला सांगा, मग घरातल्या बाकीच्यांना. रडू आलं तर येऊ द्या. ‘त्यांचंच नशीब फुटकं’ म्हणत समोरच्या घराची उणीदुणी काढू नका, नाहीतर तोच विषय आणखी चार दिवस घरात राहतो. ‘थोडं वजन कमी केलं असतंस तर’ हे वाक्य तर कोणत्याही परिस्थितीत नको. त्याच संध्याकाळी समोरच्यांचे फोटो आणि पत्रिका फोनमधून काढून टाका, इन्स्टाग्रामवर डोकावणं थांबवा. विसर पडावा म्हणून लगेच दुसऱ्या दिवशी नवीन स्थळ ठरवू नका. उतरलेल्या चेहऱ्याने झालेली भेट पुढच्या नकाराची तयारी असते, आणि रागात दिलेला होकार त्याहून महाग पडतो. निदान एक रविवार मोकळा जाऊ द्या.

महिनोन् महिने बोलणी होऊन मोडलेलं लग्न ही वेगळी गोष्ट. तिथे भेटवस्तू मध्यस्थामार्फत एकाच खेपेत परत कराव्यात, आणि दोघांनी ‘शेवटचं एकदा बोलू’ म्हणत फोन चालू ठेवू नयेत. त्या दुःखाला वेळ लागतो. झोप आणि जेवण दोन आठवड्यांनीही ताळ्यावर आलं नाही, तर डॉक्टरांना भेटावं किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावं. ही सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतही मिळते.

आपल्याला एक विनंती. आपल्या वधू-वर स्तंभात ‘अपेक्षा’ या रकान्याखाली ‘उत्तर आठ दिवसांत कळवू’ ही ओळ छापण्याची सोय करावी, आणि या ओळीचे जादा पैसे घेऊ नयेत.

– एका वधू-वर सूचक केंद्राचे स्वयंसेवक, सांगली